जातीचा रकाना नसलेला फॉर्म

मँचेस्टर, ऑक्टोबर १९६४

बाबा,

तुमच्या धर्मपालचा दुरूनच जयभीम. तब्येत चांगली आहे. थंडी पडते, पण मायच्या गोधडीनं भागते. धाकटी बहीण पंचफुला शाळेत जाते ना?

एक गोष्ट विचारायची आहे. आमचे प्रोफेसर मले इथंच पीएच.डी. कर म्हणून राहिले. काम नवंच आहे. यंत्रात विजेऐवजी उजेडाकडून गणितं करून घ्यायची. वर्गात इतके गोरे पोरं आहेत, मंग मलेच काहून विचारलं? लय गोड बोलतात, म्हणून जास्तच शंका येते.

सोमवारी फॉर्म दिला. त्यात जातीचा रकानाच नाही. मी मागून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरूनही पाहिला. अकोटच्या शाळेपासून असा फॉर्म कधी हाती आला नव्हता. उद्या लपवलं म्हणतील, म्हणून कोपऱ्यात मीच 'नवबौद्ध' लिहून दिलं.

प्रोफेसरांनी ते वाचलं अन् दुसरा कोरा फॉर्म पुढं केला. म्हणाले, "हे आम्ही विचारलंच नव्हतं."

शुक्रवारी तो द्यायचा आहे, तुमचं उत्तर काही तोवर येत नाही. नाव अन् विषय, एवढंच भरायचं आहे. तरी मी त्याले रोज उलटून पाहून राहिलो.

तुमचाच,
धर्मपाल