घेर कमी होणार नाही

६ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, नवरीमुलीला मावशीचा गोड पापा. तुझं पत्र मिळालं, कापडही मिळालं. रंग सुरेख आहे. सगळ्या मावश्या-आत्यांनी त्याचा एकसारखा, अंगाबरोबर बसणारा ड्रेस शिवायचा, हा हुकूमही कळला. "तुझा तो फुगा घालून येऊ नकोस, विहीणबाई हसतील," ही ओळ मी दोनदा वाचली.

ताई, मी फुगाच, माझा घेरदार स्कर्टच, घालून येणार आहे.

चोपन्नाव्या वर्षी हिला काय हे सुचतंय, असं म्हणशील. म्हण. जुन्या फॅशनच्या कपड्यांच्या दुकानात वीस वर्षं काढल्यावर घेर डोक्यात जातोच. आणि घेर काही नुसतं कापड वाढवून येत नाही, ते आतल्या पेटीकोटचं काम. गिऱ्हाइकं हटकून सगळ्यात कडक जाळीचा मागतात, मग स्कर्ट दिव्याच्या शेडसारखा ताठ उभा राहतो. मी त्यांना मऊ जाळीचे दोन थर देते. आत सुती अस्तर, म्हणजे पायाला टोचत नाही. लांबी स्कर्टपेक्षा दोन बोटं कमी. जगाला एवढं शिकवणारी मी, स्वतःसाठी निवडताना मात्र माती खाल्ली! कडक जाळी घेतली, कमरेला घट्ट इलॅस्टिक. ऐटीत दुकानात गेले आणि अकरा वाजता ट्रायल रूमचं दार लावून रडत बसले.

का, ते सांगायचं दहा महिने टाळतेय. आजही बघ, आधी पेटीकोटचं पुराण लावलं.

जानेवारीत तुझ्या साठीला आले नाही, तेव्हा "दुकानात फार गर्दी आहे" म्हणाले होते. ते खोटं होतं. मी हॉस्पिटलमध्ये होते. आतड्यातली गाठ काढली. आता रिपोर्ट चांगले आहेत, घाबरू नकोस. पण पोटावर डाव्या बाजूला पिशवी लावलेली असते, कायमची. शौचाची. त्या दिवशी इलॅस्टिक तिच्यावर दाबलं आणि ती सुटली. साठीला आले नाही म्हणून तू चार महिने माझ्याशी बोलली नाहीस, तेही मी मुकाट्याने सोसलं. खरं कळून तू रडली असतीस तर मी उभी राहू शकले नसते गं.

त्या दिवशी दार ठोठावलं ते आमच्या कटरकाकांनी. सत्तरीचे, तोंडाचे फटकळ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कमरेला बांधताय कशाला? खांद्यावरून सोडा की! वर बनियनसारखं मऊ कापड, जाळी मांड्यांपासून खाली."

"असा कुणी शिवलाय का, काका?"

"नसेल शिवला. टेप आणा."

दोन दिवसांत शिवून दिला. स्कर्टची पट्टीही पिशवीच्या वर, सैल घेतली. आता पोटावर काही दाबत नाही, वरून चुण्या पडतात, चालले की घेर झुलतो. कितीतरी महिन्यांनी आरशातली बाई मला आवडली.

तुझा ड्रेस घातला तर दिवसभर पोटावर पर्स धरून उभी राहीन. ते मी करणार नाही. कुणी विचारलं तर पिशवीचं सांगेनही, पण कुणाला आणि कधी, ते मी ठरवणार. तुझं कापड परत पाठवतेय, राग मानू नकोस. मानलास तरी घेर कमी होणार नाही.

अशी बहीण लग्नात चालणार नसेल तर स्पष्ट कळव. मी येणार नाही, आणि मला वाईट वाटणार नाही असं खोटं आता बोलणार नाही. चालणार असेल तर माझी खुर्ची पहिल्या ओळीत, कडेची ठेव. घेराला जागा लागते आणि मला मधेच उठून बाथरूमला जावं लागतं. दोन्ही कारणं तुला मोठ्याने सांगता आली पाहिजेत.

आहे तशीच येणारी,
तुझी धाकटी