डाव्या हाताच्या जागी

३ मार्च, सोमवार
डावा हात प्लास्टरमध्ये. कारण: खुर्ची. व्हिडिओत सांगितलं होतं, कोपर टेबलाच्या रेषेत असलं की कामाचा वेग दुप्पट होतो. खुर्ची वर केली. ती वर गेली, मी खाली आलो. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. आई म्हणाली, रजा टाक. अशक्य! औषधांच्या गोदामाच्या ऑफिसात टाइप करणारे दोघे, आणि कायम होणार एकच. दुसरी मालकांची भाची. दहाही बोटं चालवते. निर्णय एप्रिलमध्ये. ठरलं: एका हाताने दोन हातांचं काम करून दाखवायचं.

४ मार्च, मंगळवार
हजर. ऑर्डरी टाइप करताना मी डाव्या हाताचं बोट कागदावर ओळीखाली धरतो, नजर चुकू नये म्हणून. आता ओळ कोण धरणार? दोनदा एका दुकानाचा माल दुसऱ्याच्या नावावर. भाचीने न विचारता स्वतःची स्टीलची पट्टी कागदावर ठेवली. सरकवत जा म्हणाली. तात्पुरती सोय म्हणून चालवून घेतली.

६ मार्च, गुरुवार
बोलून टाइप करण्याचा प्रयोग. ऑर्डरीत कफ सिरपच्या खाली आलं, "अरे तो पंखा बंद कर, कागद उडतायत". मालकांचा आवाज खणखणीत आहे. शुद्धलेखन मात्र बिनचूक. प्रयोग स्थगित.

१२ मार्च, बुधवार
नवी युक्ती. जुना कीबोर्ड टेबलाखाली जोडला. शिफ्ट पायाच्या अंगठ्याने. मोजा काढावा लागतो. भाचीने खुर्ची खिडकीजवळ नेली. मालकांनी वाकून पाहिलं, काय चाललंय विचारलं. प्रॉडक्टिव्हिटी, म्हणालो. ते बराच वेळ वाकलेलेच होते. प्रभाव पडला असावा.

२१ मार्च, शुक्रवार
भाची स्वतःचं काम संपवून माझ्या गठ्ठ्यातलं अर्धं उचलते. मी नाही म्हणत नाही. तिलाही सराव हवा.

१४ एप्रिल, सोमवार
प्लास्टर निघालं. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, भाचीने केलेलं वगळून तुझं काम पाहिलं. हात मोडण्याआधी जेवढं, तेवढंच नंतर. छाती फुगली. म्हणालो, बघा, एका हाताने! ते म्हणाले, अरे बाबा, तू पहिल्यापासून उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करतोस. डावा नुसती ओळ धरायचा. ते आता पट्टी करते.
भाची कायम. मी उद्यापासून खाली गोदामात, खोकी उचलायला. तिथे दोन्ही हात लागतात म्हणे.
पट्टी परत करायला गेलो. भाची म्हणाली, राहू दे तुला, आठवण म्हणून. हसत नव्हती, हेच जास्त लागलं.
आईला सांगितलं, बढती नाही, पण जबाबदारी वाढली. ती म्हणाली, आधी जेव.
घरी एक व्हिडिओ पाहिला: जड वस्तू उचलण्याची शास्त्रीय पद्धत. कंबर ताठ, गुडघे वाकलेले. वेग दुप्पट होतो. उद्या पहिल्याच खोक्याला करून बघतो.