लेकीनं पकडलेली साखर

ठमे,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. काल रिपोर्ट न्यायला तुमच्या लॅबमध्ये आलो, तेव्हा बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू आलं. तुमच्याकडे चाचणीला आलेल्या नव्या मशीननं आधी बोटाच्या थेंबावरून माझी तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसहा टक्के सांगितली, तेव्हा मी हरखलो होतो. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या मोठ्या तपासणीत तीच आठ निघाली. मशीनच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "थोडं इकडे-तिकडे चालतं हो." तू म्हणालीस, "पेशंटला नाही चालत. हे मशीन मी पास करणार नाही." लॅबच्या साहेबांपुढेही तुझा आवाज हलला नाही. ऊर भरून आला बघ.

डॉक्टरांकडे चाललोय. आईला मीच सांगेन, तू बोलू नकोस. शेजारच्यांना मात्र सांगून झालंय: साखर आठ, आणि ती माझ्या लेकीनं पकडली!

— बाबा