काकूंच्या दोरीवरचा चिमटा

अण्णा,

त्या लाकडी चिमट्यांना एका पैचा खर्च आला नाही, असं तुम्ही मैदानावर मिशीला पीळ देत सांगायचात. खरा हिशेब मला ठाऊक आहे. चिमटे काकूंच्या दोरीवरचे. ते तुम्ही लांबवलेत म्हणून त्यांचं नवं पातळ वाऱ्यानं उडून शेजारच्या शेवग्यावर बसलं, काढताना फाटलं, भरपाईला तुम्ही पैठणी कबूल केलीत, आणि ती घरात येईस्तोवर रविवारचा रस्सा बंद. त्या रविवारी मीही तुमच्या पानाला पान लावून चटणी-पोळी खाल्ली आहे. फुकटात मिळालेली एवढी महाग वस्तू पुढे धंद्यातही माझ्या पाहण्यात आली नाही.

तुम्ही पिंपरीच्या कारखान्यात टूलरूमचे फोरमन आणि मी गावाकडून आलेला अप्रेंटिस. एका लेथचं बेअरिंग गेलंय हे मी लांबूनच आवाजावरून सांगितलं, तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "कान बरे आहेत तुझे. हातांचं नंतर बघू." आणि त्याच रविवारी स्कूटरवर मागे बसवून मोशीच्या माळावर नेलंत. मांडीवर तुमचं रिमोटवर उडणारं छोटं विमान, नाकात त्याच्या इंधनातल्या एरंडेलाचा वास. विमानाचं ते एवढंसं इंजिन सुरू झालं की मी इंधनाची सुई फिरवून आवाज जुळवायचा, तुम्ही डोळे मिटून ऐकायचं. "आणखी जरा... बास. आता गातंय बघ."

त्या काळी दोन रिमोट एकाच चॅनलवर चालू झाले की हवेतलं विमान कोणाचंच ऐकत नसे, सरळ नांगरटीत जाई. म्हणून तुमच्या फळीवर दर चॅनलचा एक चिमटा. ज्याच्या कॉलरला चिमटा त्यानंच रिमोट चालू करायचा, बाकीच्यांनी बसायचं. बसून करणार काय? बोलायचं. त्या बसण्यात कोणाचे पंख चिकटले, कोणाच्या बहिणीचं लग्न जमलं, आणि मला माझ्या वर्कशॉपची पहिली ऑर्डर मिळाली.

आता त्या माळावर टोलेजंग इमारती आहेत. हा छंद का आटला, यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. कोणी म्हणतो जागा नाही, कोणी म्हणतो पोरं मोबाइलला चिकटली, कोणी म्हणतो ड्रोननं खाल्लं. मी सगळ्यांना चहा पाजून मान डोलावतो. पण माझ्या मते घात झाला तो चिमटा गेल्यानं. नवे रिमोट चॅनलचं आपलं आपण जमवून घेतात, कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही. माणूस गाडीतून उतरतो, उडवतो, बॅटरी संपली की जातो. शेजारी कोण उभं होतं, विचारलं तर सांगता येत नाही.

म्हणून मी चाकणच्या पुढे एका शेतकऱ्याची पडीक जमीन धरली आणि नियम लावला: चिमटा एकच. शेतकरी बांधावरून बघत होता. "शेठ, इमानं उडवायचीत का कापडं वाळत घालायचीत?"

निगडीहून येणारी एक इंजिनिअर मुलगी तर भांडायलाच उठली. "काका, माझा रिमोट कोणाच्याही आड येत नाही. एकदम पन्नास उडवा की."

"माहीत आहे. तरी बस."

"बसून काय करू?"

"दुसऱ्याचं बघ. नावं ठेव."

हे काम तिला छान जमलं. चहा येईपर्यंत तिनं एकाचा पंख वाकडा ठरवला, तो फुगून बसला, आणि थोड्या वेळानं दोघं गुडघे टेकून तोच पंख चिकटवत होते. तुम्ही हसला असतात.

इथवर ठीक होतं. पण मला बोलायची खोड. तुम्ही गेल्यापासून तुमचं विमान माझ्या ऑफिसात भिंतीवर आहे, 'माझ्या हातून त्याला कधी ओरखडा पडला नाही,' हे मी येईल त्याला ऐकवतो. ती म्हणाली, "मग आणा ना. नाहीतर आम्ही इथं बसायचं ते कोणाचं बघायला?"

आज नेलं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. सुई फिरवली आणि अण्णा, गायलं हो ते! पोरांनी मोबाइल खिशात टाकले, शेतकरी कांदे सोडून आला. त्या मुलीनं चिमटा माझ्या कॉलरला लावला. "काका, तुमचा नंबर."

मी आभाळाकडे बघून म्हणालो, "वारा आडवा आहे."

"वारा?" शेतकरी म्हणाला. "आवं शेठ, पान हालंना!"

मी इंजिन बंद केलं. सामान आवरताना ती म्हणाली, "बघू मग, पुढच्या रविवारी." माझे कान अजून शाबूत आहेत. पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकाचं 'बघू' मला कळतं. त्यांना खरं सांगितलं तर कदाचित थांबतील, कदाचित हसतील. आधी तुम्हाला सांगून बघतोय. हा कागद टपालात टाकायचा नाही, खणातच राहील. चिमटा अजून कॉलरलाच आहे.

तर ते ओरखड्याचं. वर न्यायला मला येतं, वळवायलाही येतं. उतरवायची वेळ आली की मी रिमोट तुमच्या हातात द्यायचो. उतरवायला मी शिकलोच नाही.