ओडियनची खोट

५ जानेवारी, रविवार

दिवेलागण झाली आणि अम्मानं कडी लावली. खालची लावली, वरचीही लावली. आता सकाळपर्यंत कोणी बाहेर पाय टाकायचा नाही. कोणी म्हणजे मी! रतीश गोदामातून उशिरा येतो तेव्हा बरी उघडते. नवऱ्याला सगळं माफ.

माझी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासूकडून. पार केरळातल्या खेड्यातून आली बिचारी, मला बरं वाटलं होतं. आता सातवा लागला आणि मी जेलमध्ये. गॅलरीसुद्धा बंद. खिडकीतून अमरावती रोडच्या ट्रकांचे दिवे पाहत बसायचं. बाबांनी नाव देवकी ठेवलं, आता भोगा.

रतीश म्हणतो, "दोन महिने अ‍ॅडजस्ट कर ना." त्याचं काय जातं!

७ जानेवारी

आज विचारलंच. काहून कोंडता मला? अम्माची हिंदी मोडकी, माझी मल्याळम शून्य. तरी कळलं सगळं.

ओडियन म्हणून असतो तिकडे. दिवसा माणूस. अंधार पडला की कानामागं तेल लावतो, मंत्र म्हणतो आणि बैल होतो, नाही तर कुत्रा. पहिलटकरणीला झोपेतून उठवून बाहेर बोलावतो आणि पोटातलं घेऊन जातो. त्याचंच पुढचं तेल करतो.

ओळखायचा कसा? तर म्हणे, रूप घेतलं तरी एक खोट राहतेच. कुठं शेपूट नसते, कुठं एक पाय नसतो.

मी म्हटलं, मग आपला लंगड्या पण ओडियनच! जिन्याखाली झोपतो तो तीन पायांचा कुत्रा. मागच्या वर्षी ट्रकखाली पाय गेला त्याचा, सगळ्या गल्लीनं पाहिलं. अम्माच त्याला रोज भात घालते. पण ती हसली नाही.

"और मार दिया तो?"

"मारा तो सुबह आदमी बन जाता." एवढं बोलली आणि नारळ खवायला गेली. किती वेळ खवत होती.

१० जानेवारी

घरभर तेलाचा वास. बाळंतपणानंतर मला चोळायला म्हणून अम्मा तेल कढवून राहिली. गावाहून मुळ्या आणल्यात पिशवीभर. केस, साड्या, चहा, सगळ्याला तोच वास.

खालच्या घरमालकीण यमुताईंची सून रितिका वर आली होती. तिला चौथा आहे. पाय सुजलेत म्हणाली, तर अम्मानं मांडीवर पाय घेऊन थोडं तेल चोळून दिलं. भाषा कळत नाही दोघींना, पण हसत होत्या. मला पहिल्यांदाच वाटलं, सासू चांगली आहे आपली. कडी सोडली तर.

१४ जानेवारी

संक्रांत. उद्या यमुताईंकडे हळदीकुंकू आहे. मी जाणार म्हणजे जाणार.

१५ जानेवारी

गेले! सकाळी अम्मा आंघोळ करून, पांढरं मुंडू, तिकडची लुंगी ती, नेसून, डोक्याला पंचा गुंडाळून गॅलरीत कपडे वाळत घालते. तेवढीच काय ती मला मोकळीक, खाली जाऊन जिन्यात बसायची. आज मात्र संध्याकाळी निघाले, तिच्या डोळ्यादेखत. ती विधवा, तिला बोलावणं नव्हतंच. दारात आडवी उभी राहिली तर बाजूनं निघून गेले.

काय बरं वाटलं! नवी साडी, बायकांचा गोंगाट. यमुताई म्हणाल्या, "काहून वं देवकी, दिसतच नाही तू? सासूनं कोंडलं का तुले?"

झालं. मी सुरूच झाले. ओडियन, कानामागचं तेल, मारलं तर सकाळी माणूस होतो ते, सगळं. पदर डोक्यावर घेऊन बैल करून दाखवला. हसून हसून बायका आडव्या. "आपला लंगड्या पाहा ना, एक पाय कमी, आणि आमच्या अम्माच्या हातचा भात खातो!" असंही बोलले. रितिका तेवढी हसली नाही. वाण हातात धरून पायाकडे पाहत बसली होती.

वर आले तर अम्मा दारातच. रागावेल वाटलं होतं. पण चेहरा पांढरा पडलेला.

"कहानी बोला? किसको बोला?"

सगळ्यांना, म्हटलं. तिनं कडी लावली आणि दाराला टेकून खालीच बसली.

२० जानेवारी

रितिकाचं पोट पडलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कोणाचा दोष नाही. मी भेटायला उतरले तर यमुताईंनी जिन्यातच अडवलं.

"तुह्या सासूनं काय लावलं वं माह्या सुनेच्या पायाले?"

तेल होतं यमुताई, बाळंतिणीचं साधं तेल.

"तूच सांगितलं ना कशाचं तेल असते ते. माह्या घरात बसून सांगितलं."

मी तशीच वर आले.

२२ जानेवारी

आज बाहेरून कडी लागलेली होती. बाहेरून! आतून आम्ही, बाहेरून ते. रतीशला फोन केला, तो गोदामातून येऊन उघडेपर्यंत मी दार ठोकत होते. कोणी आलं नाही. खाली बोलणं ऐकू येत होतं.

आता म्हणून राहिले, हा तीन पायांचा कुत्रा आधी नव्हताच इथं. ही बुढी आल्यावर आला, रात्री तीच कुत्रा होते. अरे, तुम्हीच पाव घालत होते ना त्याला मागच्या वर्षी!

अम्माची बीपीची गोळी संपली. मेडिकल कोपऱ्यावरच आहे, पण तिला खाली उतरायचं नाही आणि मला ती जाऊ देत नाही. रतीशला सांगितलं. विसरला.

मी रतीशला म्हटलं, दुसरी खोली पाहू. तो म्हणतो, आता निघालो तर लोकांना वाटेल खरंच काही होतं. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती त्या दिवशी?

२४ जानेवारी

लंगड्याला मारलं. दिवेलागणीला, काठ्यांनी. मी खिडकीतून पाहिलं. सगळी ओळखीची पोरं, माझ्या लग्नाच्या पार्टीत नाचलेली. तो पळूही शकला नाही नीट. ओरडला, मग ओरडायचा थांबला. एक जण वर आमच्या खिडकीकडे पाहून म्हणाला, "आता सकाळी समजते, बुढी उठते का नाही ते."

अम्मानं मला पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः खाली बसून सांगायला लागली. इतकी हिंदी ती कधीच बोलली नव्हती.

तिचे वडील टोपल्या विणायचे. त्यांच्या जातीचा माणूस अंधारात दिसला की गाव ओडियन म्हणायचं. गावात एका मोठ्या घरच्या सुनेचं पोट पडलं. ती आदल्या संध्याकाळी अंगणात आली होती, एवढंच. त्याच वेळी वडील टोपल्या विकून घरी येत होते. लोक म्हणाले, आम्ही बैल मारला. सकाळी पाहिलं तर माणूस. म्हणजे ओडियनच होता, नाही का!

"बैल था ही नहीं, मोळे." मोळे म्हणजे पोरी. "पहले भी आदमी. बाद में भी आदमी."

मग तुम्ही मला काहून कोंडत होत्या? ओडियनला तर तुम्ही मानतच नाही.

ती म्हणाली, पोटुशी बाई अंधारात बाहेर निघाली आणि काही झालं, तर लोक कोणाला तरी धरतात. कोणाचा तरी बाप घरी येत असतो त्या वेळी.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं केसांवरून हात फिरवला. छातीत जड वाटतं म्हणाली, दवाखान्यात जाऊ म्हटलं तर, "सुबह. अभी नीचे लोग है." रतीशनं दार उघडून पाहिलं. फाटकाशी काठ्या घेऊन उभेच होते. मग तिनं स्वतः कडी लावली, दोन्ही, आणि माझ्याजवळ झोपली.

२५ जानेवारी, शनिवार

अम्मा उठली नाही. हात गार.

रतीश पायाशी बसून आहे, त्याला मी रडू दिलं नाही. खाली फाटकाशी सगळी गल्ली जमली होती, वर पाहत. मी तिचं पांढरं मुंडू नेसले. केसांना पंचा गुंडाळला. तिच्या बाटलीतलं तेल कानामागं लावलं, तिचा वास यावा म्हणून. कडी काढली आणि गॅलरीत गेले. एक खोट होती, पोटाची. ते भिंतीकडे केलं आणि पाठमोरी उभी राहून एकेक कपडा वाळत घातला, ती घालायची तसा झटकून.

खालून यमुताईंचा आवाज आला, "जित्ती आहे वं बुढी."

मग सगळे आपापल्या घरी गेले.