बुटके पुढे, उंच मागे

ती. दादा यांस,

धाकट्या मामेबहिणीचा नमस्कार.

ताजी बातमी आधी. तुझी आई आमच्याबरोबर परत आलेली नाही. ती अजून रिसॉर्टवरच आहे, प्रकृती ठणठणीत आहे आणि आज सकाळी न्याहारीच्या दालनातली खुर्च्यांची मांडणी तिने बदलून घेतली. या सगळ्याला रिसॉर्टच्या व्यवस्थापक बाईंनी फोनवर दुजोरा दिला आहे. परवा मी तुला कळवलं होतं, की आत्या घर बंद करून कायमची तुझ्याकडे राहायला तयार आहे. ती बातमी मागे घेते. दिली तेव्हा ती खरी होती. (वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य गेल्यावर माणूस बातमी अशीच मागे घेतो, तेव्हा रागावू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या मेहुण्यांची पाठ धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच. हे पत्र बसून वाच, आणि शक्यतो जेवण झाल्यावर.

तू आम्हाला कशासाठी पाठवलं होतंस ते मी विसरलेली नाही. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठल्यापासून आत्या खिडकीशी बसते आणि कशालाही ‘चालेल’ म्हणते. चहा टाकू? चालेल. पंखा बंद करू? चालेल. जी बाई दोन टाळ्यांत उभी शाळा गप्प करायची (आणि तू शाळेत चुकून ‘आई’ म्हणालास म्हणून तुला वर्गाबाहेर उभं करायची), ती आता डाळीत मीठ नसलं तरी चालवून घेते. तुझ्याकडे येण्यालाही ती चालेलच म्हणणार हे तुलाही ठाऊक होतं. पण तुला मनापासूनचा होकार हवा होता, म्हणून हवापालट, म्हणून आम्ही. मागची खोली तू रंगवून घेतलीस, तिची ट्रंकही आधीच नेऊन ठेवलीस. तुझा हा उरक मला फार आवडतो. फक्त त्या खोलीची खिडकी चांगली मोठी आहे, आणि तिच्याशी बसलेली आत्या मला आत्तापासूनच दिसत होती.

रिसॉर्टच्या आवारातच मोठं उद्यान आहे, पाळणे, घसरगुंड्या, उलटीपालटी होणाऱ्या गाड्या, सगळं. पहिल्या दुपारी मी गमतीने विचारलं, की त्या उलट्या होणाऱ्या गाडीत बसायचं का. चालेल, म्हणाली. बसली. आजूबाजूची तरणीताठी माणसं देवाचा धावा करत असताना आत्या डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत, बँकेत आपला नंबर यायची वाट पाहत असल्यासारखी शांत होती. तेव्हाच मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

संध्याकाळी आम्ही बारमध्ये गेलो. (बार या शब्दावर थबकू नकोस. आत्याने फक्त अननसाचा रस घेतला, तोही कप धुतलेला आहे ना हे विचारून.) पण दादा, काय ती जागा! कोणत्या तरी उष्ण बेटावरची गलबतवाल्यांची खोपटी असावी असं त्यांनी केलंय. छताला झावळ्या, भिंतींना दोरखंड, जाळ्यांत अडकवलेले काचेचे हिरवे गोळे, फुगलेल्या माशांच्या पोटात पेटवलेले दिवे. एक लाकडी पोपट दर थोड्या वेळाने मान वळवून गिऱ्हाइकांकडे तुच्छतेने पाहतो. पेयं येतात ती कासवाच्या, पिंपाच्या, फुटक्या जहाजाच्या आकाराच्या कपांतून, वर कागदी छत्री आणि कशाकशातून धूर. ज्याने कोणी हे सगळं मांडलं त्याने एक खिळासुद्धा आळसाने ठोकलेला नाही. आणि खरी गंमत अशी, की ठरावीक पेय मागवलं की खोलीत काहीतरी घडतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे म्हणे. पण आम्ही शिरलो तेव्हा तुझे मेहुणे त्या पाटीला टेकून बुटाची नाडी बांधत होते.

त्यामुळे शेजारच्या बाईंनी काहीतरी निळं मागवलं आणि खिडकीबाहेर धो धो पाऊस लागला, तेव्हा मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला धावले. बाहेर लख्ख आभाळ. परत आत आले तर खिडकीत पाऊस चालूच. मी पुन्हा धावले. (तिसऱ्या खेपेला कप्तानाने मला थांबवलं. कप्तान म्हणजे पेयं बनवणारा गडी. डोक्यावर जहाजाच्या कप्तानाची टोपी, वागणं इतकं गोड की त्याच्याकडून सरबत घ्यायलाही संकोच वाटावा.) इकडे तुझ्या मेहुण्यांनी पिंपातलं काहीतरी मागवलं होतं, आणि ते मागवणाऱ्याचं स्टूल हळूहळू खाली जातं, अशी तिथली चेष्टा आहे. ते खाली जात होते आणि लाजेने बोलत नव्हते. त्यांना वाटलं, चढली. हनुवटी टेबलाला लागली तेव्हा आत्याने मान वळवली आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन बोलली, “जावईबापू, पाठ सरळ ठेवा.”

मग एका उंच गृहस्थांनी ज्वालामुखी मागवला. दिवे तांबडे झाले. जमीन थरथरली. भोंगा वाजायला लागला, छतातून धूर उतरला, आणि समोरच्या भिंतीवरचा डोंगर फुटून लाल रस ओघळू लागला. लोक हसत होते, कप्तान दोन्ही हात वर करून आरोळ्या ठोकत होता. आणि आत्या उभी राहिली. पदर खोचला. दोन टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत काय आहे ते तुला सांगायला नको. पोपटसुद्धा मधेच थांबला. कोणी पळायचं नाही, पिशव्या जागेवर, बुटके पुढे, उंच मागे, पुढच्याच्या खांद्यावर हात, आणि तोंडं बंद. एवढंच बोलली, आवाजही चढवला नाही. दादा, अख्खा बार उठला. सुटाबुटातली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून झुळझुळ बाहेर पडली, पोहण्याच्या तलावाला वळसा घालून हिरवळीवर गेली आणि तिथे उंचीप्रमाणे उभी राहिली. मीही त्यांत होते. मला रांगेतला दुसरा नंबर मिळाला, तो अपमान मी बाजूला ठेवते.

बाहेर तिने डोकी मोजली. कप्तान नव्हता. ती पदर नाकाला लावून पुन्हा आत शिरली, आणि मी तिच्या मागे. तो बिचारा टोपी हातात घेऊन रिकाम्या खोलीत उभा होता. “बाई,” तो म्हणाला, “हे सगळं खोटं आहे हो.”

“खोटं असो की खरं,” आत्या म्हणाली, “वर्गात एकट्याने मागे राहायचं नाही. चल.”

तो निमूट आला. हिरवळीवर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं होतं, हा खेळातलाच भाग. एकाने तर पुढचा खेळ किती वाजता आहे ते विचारलं. आणि तेव्हा आत्याला कळलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. खोचलेला पदर तिने सोडला, तो नीट केला आणि कोणाकडे न बघता खोलीकडे चालू लागली. तिला वाटलं, लोक हसले.

दुसऱ्या दिवशी ती न्याहारीला आली नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, आता माझं डोकं चालत नाही, खऱ्याखोट्यातलं कळत नाही, दादाकडे जाते. मी विचारलं, नक्की? चालेल, म्हणाली. तोच फोन मी तुला केला. तू खूश झालास, आणि तुझ्या खुशीत मला मिठाचा खडा टाकायचा नव्हता. पण फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

संध्याकाळी सामान बांधताना दार वाजलं. व्यवस्थापक बाई आणि त्यांच्यामागे कप्तान, टोपी काखेत. बाईंचा चेहरा त्रासलेला होता. म्हणाल्या, आज ज्वालामुखी फुटला, पण कोणी जागचं हलेना. कालच्या बाई आम्हाला न्यायला का आल्या नाहीत म्हणून गिऱ्हाईक रुसून बसलंय. काल जे नव्हते तेही विचारताहेत. काही जण तर आपणहून रांग लावून हिरवळीवर उभे आहेत आणि आत यायला तयार नाहीत. आत्या ऐकत नव्हतीच. चालेल म्हणायलाही तिला उशीर झाला, कारण ती कठड्यावरून खाली बघत होती. खाली ती रांग होती. कालचा उंच गृहस्थ मधोमध उभा होता, त्याच्यामागे एक ठेंगणी बाई टाचा उंचावून काहीतरी दिसतंय का ते बघत होती, आणि शेवटचे दोघे चक्क गप्पा मारत होते.

आत्या कठड्यावरून आणखी वाकली. मग म्हणाली, “ही काय रांग आहे?”

आणि चपला घालून खाली गेली.

त्या संध्याकाळी ज्वालामुखी आणखी दोनदा फुटला. दुसऱ्या खेपेला बाहेर पडणं पहिल्यापेक्षा कितीतरी सुबक झालं, हे मी आपलं माणूस म्हणून म्हणत नाही. रात्री जेवताना डाळ आली. आत्याने एक घास घेतला आणि वाटी परत पाठवली, मीठ नाही म्हणून. मी धीर करून तुझ्या खोलीचं विचारलं. ती पाणी प्यायली आणि तोंड पुसून म्हणाली, “नाही. माझं घर मला आहे. दादाला सांग, राग मानू नकोस, मी सुट्टीत येईन.” दादा, वर्षभरातला तिचा तो पहिला नकार. मला वाटतं तुला हवा असलेला मनापासूनचा होकार हाच, फक्त तो उलट्या बाजूने आला. व्यवस्थापक बाईंनी तिला महिनाअखेरपर्यंत पाहुणी म्हणून ठेवून घेतलंय. कप्तान तिला न विचारता आता भोंगासुद्धा वाजवत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. आत्याची मोजणी पहिल्या दिवशी बरोबर आली असं मी सगळ्यांना सांगते आहे, आणि तूही तेच सांग. खरं तर तुझे मेहुणे आतच राहिले होते. स्टूल इतकं खाली गेलं होतं, की टेबलापलीकडे ते कोणालाच दिसले नाहीत. कप्तानाला नाही, आत्याला नाही, आणि त्यांच्या सख्ख्या बायकोलाही नाही. आम्ही बारमध्ये परत येईपर्यंत ते तिथे पाठ सरळ ठेवून बसले होते. पाठ धरली ती त्यामुळे.

ता. क. दुसरा, आणि ज्यासाठी पत्र लिहिलं तो. तुझ्याकडे नेलेल्या ट्रंकेत, डाव्या कोपऱ्यात, लोकरीच्या शालीखाली तिची शाळेतली शिट्टी आहे. टाळ्यांनी हात दुखतात म्हणते. शनिवारी ती शिट्टी घेऊन तू स्वतः रिसॉर्टवर ये, आणि ट्रंक परत तिच्या घरी पोचवायची व्यवस्था करूनच नीघ. संध्याकाळी ज्वालामुखी फुटेल, तेव्हा तू सगळ्यात मागे उभा राहायचं आहेस, तिने जागा ठरवली आहे. आणि रांगेत असताना तिला आई म्हणू नकोस. बाई म्हण.