नळावरचा शेवटचा फोटो

ता. ३ मार्च
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या गल्लीच्या फोटोंचं पुस्तक निघतंय! प्रकाशक एकदाचे राजी झाले. फक्त सकाळी नळावर जमणाऱ्या गर्दीचा एक फोटो हवा, आणि लोक अगदी रोजच्यासारखे हवेत. तो जमला नाही तर पुस्तक बारगळलं आणि माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. रविवारी येते. आत्या, तुला माझी शपथ, कुणाकडे अवाक्षर काढू नकोस. विस्कटलेले केस, तोंडात ब्रश, भांडणं, सगळं तसंच राहू दे.

लोभ आहेच, तोंडावर ताबाही असावा.
तुझी भाची, ठकी

ता. ६ मार्च
चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. फक्त न्हाव्याला सांगितलं, तेही शपथ घालून. त्या मेल्याने दुपारपर्यंत अख्खी गल्ली भादरून टाकली. नळालासुद्धा रुपेरी रंग लागलाय. मी सगळ्यांना खडसावलं की पोरीला रोजच्यासारखं हवंय, तर आता रोजच्यासारखं दिसायची तालीम चालू आहे. मास्तर जांभई देऊन दाखवतात, बाकीचे त्यांच्यामागून देतात. वरच्या मजल्यावरच्या दोघी रविवारी कशावरून भांडायचं ते ठरवताना खरोखरच भांडल्या आणि आता बोलत नाहीत. तू मात्र जरा बरे कपडे घालून ये, चार लोकांत शोभा नको.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी आत्या

ता. २० मार्च
ती. आत्यास सा. न.

त्या दिवशी मी काढलेले सगळे फोटो बाद झाले. ओळीत उभे पुतळे, आणि जांभया एकदम! कॅमेरा तुझ्या हातात कोंबून मी नळाच्या ओट्यावर भोकाड पसरलं, ते आठवलं की अजून लाज वाटते. पण तू बटण कधी दाबलंस गं? फोटोत न्हावी टॉवेलने माझं नाक पुसतोय. मास्तर सगळ्यांना मागे हटवत स्वतःच पुढे घुसताहेत. मला पाणी कोणी द्यायचं यावरून त्या दोघींची जुंपली आहे. कॅमेऱ्याकडे एकाचंही लक्ष नाही. प्रकाशकांनी तोच उचलला, खाली तुझं नाव येणार! पण खरं सांग, काढलास कशासाठी?

उत्तराची वाट बघतेय.
तुझी ठकी

ता. २४ मार्च
चि. ठकीस आशीर्वाद.

कशासाठी म्हणजे काय? गल्लीतल्या प्रत्येकाचे फोटो तू काढलेस, त्यात एकातही तू कुठे नाहीस. उद्या पुस्तक बघणाऱ्याला कळायला नको, ही पोर आमचीच आहे म्हणून?

तुझी आत्या